चोविसाच्या जागी अठरा

कापड बेतण्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याचं जिथे दोन मीटरांत भागत नसे, तिथे मास्तर पावणेदोन मीटरांत पूर्ण बाह्यांचा शर्ट काढत, आणि उरलेला तुकडा टाचणीने पुडक्याला लावून गिऱ्हाइकाला परत देत. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात त्यांनी चाळीस वर्षं कात्री चालवली. कमी कापडात बसवणं हा त्यांचा अभिमान होता, आणि माणसाचा अभिमानच त्याला कुठे नेऊन आपटेल ते सांगता येत नाही.

प्रत्येक शिवणीत मास्तर थोडं जास्तीचं कापड आत सोडत. त्याला धंद्यात माया म्हणतात. मुलं उंच होतात, माणसं सुटतात, उसवून मोठं करता आलं पाहिजे. मास्तरांचं ठाम मत होतं की जगातला कुठलाही शहाणा कारागीर मायेशिवाय मापं लिहीत नाही. सुतार लिहीत नाही, गवंडी लिहीत नाही. मग डॉक्टर तरी कशाला लिहील?

त्यांच्या बायकोला बारा वर्षांपासून मधुमेह. त्याच दुकानात काजं-बटणं करायच्या त्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. साखरेने आधी गोळ्या लावल्या, मग इन्शुलिन लावलं, आणि शेवटी डोळ्यांवर पडदा आणला. सिरिंजवरच्या बारीक रेघा त्यांना दिसेनाशा झाल्या तेव्हापासून औषध भरायचं काम मास्तरांकडे आलं. सकाळी चोवीस युनिट, संध्याकाळी सोळा. खिडकीशी उभं राहून, सिरिंज उजेडाकडे धरून मास्तर भरत, आणि मास्तरीणबाई पदर बाजूला करून पोटाची चिमूट धरत. "झालं?" "झालं." एवढंच बोलणं. किती भरलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. नवऱ्याला कोण विचारतं?

दीड वर्षापूर्वी दुकानाच्या मालकाने तयार गणवेश कारखान्यातून आणायला सुरुवात केली. मास्तरांचा महिन्याचा पगार गेला आणि नगावर मजुरी आली. मिळकत निम्म्यावर उतरली. हे मास्तरांनी घरी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सकाळी नऊला निघायचे, सातला परतायचे. काम नसेल त्या दिवशी वाचनालयात बसून एकच वर्तमानपत्र तीनदा वाचायचे.

औषधांच्या दुकानात मात्र मूठ उघडावीच लागायची. महिन्याला तीन कुप्या, वर बोट टोचून साखर बघायच्या पट्ट्या. एकदा मास्तरांनी पट्ट्यांची डबी काउंटरवरून हळूच मागे सरकवली. औषधवाला चाणाक्ष होता.

"मास्तर, बाईंना दाखवायला मोठ्या इस्पितळात जाता ना? तिथेच तळमजल्यावर चौदा नंबरची खोली आहे. जुन्या पद्धतीचं इन्शुलिन जवळजवळ फुकट देतात, पट्ट्यांनाही मदत मिळवून देतात. डॉक्टरची चिठ्ठी न्या आणि मालकाकडून पगाराचं पत्र घ्या, झालं काम."

"ते गरजू लोकांसाठी असतं."

"मग तुम्ही कोण?"

"मी कटिंग मास्तर."

औषधवाला हसला. मास्तर हसले नाहीत. पगाराचं पत्र म्हणजे मालकासमोर हात पसरणं, आणि ते पत्र घरी आलं की बायकोला आकडा कळणं. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या माणसाला चौदा नंबरची खोली कशाला लागते?

पहिल्यांदा कापलं ते नाइलाजाने. कुपीच्या तळाशी थोडंच उरलं होतं आणि मजुरी मिळायला चार दिवस होते. त्या सकाळी मास्तरांनी चोविसाच्या जागी बावीस भरले. दिवसभर त्यांचं लक्ष घरी. संध्याकाळी येऊन पाहतात तर मास्तरीणबाई दूधवाल्याशी पाण्यावरून भांडत होत्या, अगदी नेहमीच्या आवाजात. म्हणजे माया होती तर. पुढच्या आठवड्यात वीस. मग अठरा. संध्याकाळचे सोळा होते त्याचे बारा. तीन कुप्यांचं काम सव्वादोन कुप्यांवर आलं. खोटं कशाला बोलू, मास्तरांना त्याचा आनंद झाला. अवघड कापडातून शर्ट निघाल्यावर होतो तसाच. पट्ट्या तर त्यांनी बंदच केल्या. "रोज बोटं टोचून काय मिळतं गं? दिसतेस की चांगली." मास्तरीणबाईंनाही ते बरंच वाटलं. बोटांची चाळण झाली होती.

हे असं आठ महिने चाललं.

मग नव्या चपलेने मास्तरीणबाईंची टाच चावली. फोड आला, फुटला, आणि सहा आठवडे झाले तरी जखम भरेना. तहान तर अशी की तांब्या पुरेना. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरणीने मागच्या तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी केली आणि कागद बघून भुवया चढवल्या.

"काकू, खाताय काय?"

"जे सांगितलंय तेच खाते."

"आकडा तसं म्हणत नाही."

मास्तर शेजारी उभे होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पायाच्या चित्राकडे पाहिलं.

बातमी घरात पसरायला वेळ लागत नाही. मास्तरांची थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा स्वभाव. दारातूनच सुरुवात झाली. "माणूस खोटं बोलेल बाई, रक्त बोलत नाही."

"वन्सं, मी एक कण गोड खाल्लेलं नाही."

"मी कुठे म्हटलं तू खाल्लंस? मी म्हटलं रक्त म्हणतंय."

परगावी कुरिअरच्या ऑफिसात काम करणारी लेक रजा टाकून आली आणि आल्या आल्या तिने डबे उचकले. एकेक झाकण उघडून, वास घेऊन, आत हात घालून. बाई खुर्चीत बसून फक्त आवाज ऐकत होत्या. वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला.

"हे काय आई?"

"साखर एकदम उतरली तर खायला म्हणून डॉक्टरांनीच ठेवायला सांगितलाय. वर्ष झालं त्याला. मऊ पडला असेल बघ."

"उतरतेय कुठे तुझी?"

"खाई त्याला खवखवे," बहीण भिंतीला उद्देशून म्हणाली.

ती म्हण कोणाला लागू होती ते त्या खोलीत एकट्या त्यांनाच माहीत होतं. हीच बोलायची वेळ होती. त्याऐवजी त्यांनी जे केलं ते मूग गिळून बसण्यापेक्षा वाईट होतं. ते मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ दे गं. खाल्लं असेल कधी एखादं. माणूसच आहे ती."

स्वतःच्या चोरीबद्दल त्यांनी बायकोला माफ केलं.

मास्तरीणबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांना नवऱ्याचा चेहरा नीट दिसत नसणार, नुसता आकार दिसत असणार. "तुम्हीसुद्धा?" एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी ताटातलं निम्मं परत द्यायला सुरुवात केली. भांडण नाही, आदळआपट नाही. "बास मला." उपाशी राहून साखर उतरवून दाखवायची आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, असा त्यांचा हट्ट. बाई मुळातच हट्टी. पण साखर उतरेना, कारण पुरेसं औषधच अंगात जात नव्हतं. आणि मास्तर रोज सकाळी खिडकीशी उभे राहून अठराच्या रेघेवर थांबत. आता एकदम चोवीस दिले तर फरक दिसेल, फरक दिसला तर प्रश्न निघतील, या धास्तीने ते अठरावरच अडकले होते. पैशाचा मुद्दा केव्हाच मागे पडला होता.

दोन आठवड्यांनी पुन्हा इस्पितळ. जखमेची कड काळपट झाली होती. डॉक्टरीण म्हणाली, आटोक्यात आलं नाही तर टाचेचं मांस काढावं लागेल, आणि पुढचं आत्ता बोलत नाही. मग तिने चिठ्ठीवर चोविसावर काट मारली आणि बत्तीस लिहिलं. संध्याकाळचे बावीस.

"बाबा, उद्यापासून इंजेक्शन मी देणार," बाहेर आल्यावर लेक म्हणाली. "तुमचा हात थरथरतो हल्ली." आणि ती औषधांच्या खिडकीसमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मास्तरीणबाई बाकावर बसल्या, पट्टी बांधलेला पाय समोर पसरून.

आता मास्तरांच्या डोक्यात जे आलं ते सांगायला लाज वाटते, पण आलं ते आलं. त्यांना हायसं वाटलं. उद्यापासून लेक पूर्ण औषध भरेल. साखर उतरेल. जखम भरेल. कोणाला काही कळणार नाही. सगळे म्हणतील, बघा, लेकीने खाण्यावर पहारा ठेवला आणि कशी सुतासारखी सरळ आली. म्हणजे बायको जन्मभर चोर ठरणार. चोर सोडून संन्याशाला फाशी. हेही त्यांना दिसलं, आणि तरीही चांगली पंधरा मिनिटं ते त्याला तयार होते.

पण चाळीस वर्षं मापात घालवलेला माणूस. अठरा आणि बत्तीस हे दोन आकडे त्यांना एकमेकांशेजारी बसवता येईनात. पट्ट्या बांधणारी वयस्कर सिस्टर ट्रे घेऊन चालली होती. मास्तरांनी तिला गाठलं.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. म्हणजे, एक ओळखीचे आहेत. त्यांना कागदावर चोवीस आहेत, पण घेतात अठरा. त्यांना एकदम बत्तीस दिले तर?"

"जेवण कसं आहे?"

"निम्मं."

सिस्टर थांबली. "मग सकाळी देतील आणि दुपारी घामाने भिजून बेशुद्ध पडतील. म्हातारं माणूस असेल तर उठणारही नाही कदाचित. कोण आहेत हे ओळखीचे?"

मास्तरांनी बाकाकडे पाहिलं. सिस्टरनेही त्यांच्या मागोमाग बाकाकडे पाहिलं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "आत जा. रांग-बिंग काही बघू नका."

मास्तर आत गेले. खुर्चीत दुसरा पेशंट शर्टाची बाही वर करून बसला होता. बाही अर्धा इंच आखूड होती, तेवढ्यातही मास्तरांना ते दिसलं. "डॉक्टर, बत्तीस देऊ नका," ते म्हणाले. "मी अठराच देत होतो."

डॉक्टरणीने आधी त्या पेशंटला बाहेर पाठवलं. मग सगळं विचारून घेतलं. कधीपासून, किती, संध्याकाळी किती. मास्तर उभ्या उभ्या पाढे म्हटल्यासारखे सांगत गेले. मायेचं सांगितलं तेव्हा ती खुर्चीला टेकली.

"काका, मी शिंपी नाही."

"हो."

"मी लिहिते तेवढंच लागतं. त्यात दोन बोटं आत दुमडून ठेवलेली नसतात." तिने चिठ्ठी फाडली. "वीसपासून सुरू करायचं, रोज साखर बघायची, दर तीन दिवसांनी मला आकडे दाखवायचे. काकूंना पोटभर जेवू द्या. आणि आता त्यांना आत आणा."

"तुम्ही सांगाल का त्यांना?"

"मी? मी कशाला सांगू?"

मास्तरांनी बायकोला हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं. लेकही औषधांची पिशवी घेऊन मागून आली. मास्तरांनी सांगितलं. पगाराचं नाही, नुसतं औषधाचं. लेकीने खाली बघून पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "दिवसाला दहा युनिट कापलेत त्याचं नंतर बघू. वन्संसमोर मला माफ केलंत ते कशाला?"

मास्तरांनी तोंड उघडलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. डॉक्टरीण उगाच कागद चाळत होती. शेवटी तिनेच विचारलं, "पण कापलेत का, काका? पैशांसाठी?" आणि मास्तरांनी मान डोलावल्यावर कपाळाला हात लावून म्हणाली, "चौदा नंबरची खोली इथून वीस पावलांवर आहे."

त्या खोलीत एक पंखा, दोन टेबलं आणि फायलींचे गठ्ठे होते. समाजसेविका चष्म्यावरून बघत बोलायची. तिने गोष्ट ऐकली, सुस्कारा टाकला नाही, उपदेश केला नाही. सरळ फॉर्म काढला. इस्पितळाच्या भांडारातून जुन्या पद्धतीचं इन्शुलिन दरमहा मिळेल, मात्र ते वेगळं असतं, कधी आणि किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून नव्याने लिहून आणायचं. पट्ट्या आणि पायाच्या मलमपट्टीचा खर्च एक धर्मादाय संस्था देईल, तिला ती स्वतः फोन करणार होती.

"एवढंच होतं?" लेकीने विचारलं.

"एवढंच. लोक येत नाहीत. माझी खोली भरायच्या आधी वर शस्त्रक्रियेचे वॉर्ड भरतात." तिने पेन मास्तरांकडे सरकवलं. "महिन्याची मिळकत लिहा."

मास्तरांचा हात थांबला.

"लिहा की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि मोठ्याने वाचा. मला दिसत नाही."

त्यांनी लिहिलं आणि वाचलं. आकडा ऐकून बाईंची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. "कधीपासून?"

"दीड वर्ष."

"मग तुम्ही रोज सात वाजेपर्यंत असता कुठे?"

"वाचनालयात."

"काय वाचता?"

"काही नाही."

समाजसेविकेने पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. रुग्ण औषध नियमित घेतो का, नसल्यास कारण. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, तिने पंख्याकडे. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तिथे माझा दोष लिहू नका म्हणजे झालं. बाकी काय ते तुमचं तुम्ही लिहा." मास्तरांनी लिहिलं: 'पतीने परस्पर कमी केले.' अक्षर चांगलं होतं त्यांचं, रेघेवर बसणारं.

बहिणीला सांगणंही त्यांच्यावरच आलं. संध्याकाळी ते तिच्या दारात उभे राहून बोलले, आत बसलेही नाहीत. ती म्हणाली, "पण मग ती तेव्हा ठणकावून बोलली का नाही?"

"बोलली होती, ताई. तू ऐकलं नाहीस. मी ऐकलं होतं."

दुसऱ्या दिवशी मालकाकडे पत्र मागायला मास्तरीणबाई स्वतः निघाल्या, लंगडत, लेकीचा आधार घेऊन. "तुम्ही एकटे गेलात तर त्यातलंही काही कापाल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मालकाने चार ओळी लिहून शिक्का मारला. पाच मिनिटं लागली नाहीत. दीड वर्ष ज्याच्या भीतीने मास्तरांच्या पाचावर धारण बसली होती, ते काम पाच मिनिटांचं निघालं, आणि मालक चहाचं विचारत होता.

साखर हळूहळू उतरायला लागली. जखमेचं मात्र डॉक्टरीण अजून नक्की काही बोलत नव्हती. महिनाभर वाट बघू, एवढंच म्हणाली. समाजसेविकेने कुठूनसं एक इन्शुलिनचं पेन मिळवून दिलं. मागची चकती फिरवली की दर युनिटाला कट असा आवाज येतो. पण नुसत्या आवाजावर भरवसा ठेवायचा नाही, तिने बजावलं. दिसणाऱ्या माणसाने पेनवरच्या छोट्या खिडकीतला आकडा वाचून खात्री करायची, मगच टोचायचं. लेक होती तोवर ती वाचायची. मग तिची रजा संपली.

लेक गेल्यानंतरची पहिली सकाळ. डोस पुन्हा चोविसावर आला होता. मास्तरीणबाई टेबलाशी बसल्या आणि चकती फिरवायला लागल्या. ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. मध्येच बाहेर कोणी तरी स्कूटर सुरू केली आणि मोजणी चुकली. मास्तर पुढे झुकले. "मी सांगू का, किती झाले?"

"नको."

त्यांनी चकती उलटी फिरवून शून्यावर आणली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कट, कट, कट. पुरे झाल्यावर त्यांनी चाचपत मोबाईल उचलला, लेकीने शिकवून ठेवलेलं बटण दाबून तिला व्हिडिओ कॉल लावला आणि पेन कॅमेऱ्यासमोर धरलं.

"बघ गं, किती दिसतंय?"

"जरा मागे धर, आई. अजून. हां. चोवीस."

"नक्की?"

"नक्की."

मास्तर टेबलाच्या पलीकडे बसले होते. त्यांना आकडा तिथूनही दिसत होता.